आधी वरचा नट

दाजी, परवा तुमचा तेरावा झाला. गोडाचं जेवण झालं, पावणे आपापल्या गावी गेले, आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलोच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, असं जो तो सांगतो. दोन आठवडे मी ते ऐकतोय आणि मान हलवतोय. तुमच्याबद्दल चांगलं बोलायला सगळा माळशिरस तालुका आहे. मला तुमच्याशी भांडायचंय. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची रीत नव्हती, आणि नेमकी याच वेळी तुम्ही ती मोडलीत.

भांडण तरी केवढं! नट आधी खालचा खोलायचा की वरचा. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. त्याला आधी तुमची जीप समजावून सांगावी लागेल. लष्कराच्या लिलावातून सुटलेली, हिरव्या रंगावर तुम्ही स्वतः निळा रंग फासलेली, तरी कोपऱ्याकोपऱ्यातून हिरवी दिसणारी. तिच्या गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक लहान पेटी आहे. इंजिनाचा जोर त्या पेटीतून मागच्या चाकांना जातो, आणि चिखलात दांडी ओढली की पुढच्या चाकांनाही. मोटारवाले तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तुम्ही गिअरबॉक्सला थोरली म्हणायचात आणि हिला धाकटी. धाकटीच्या पोटाशी एक नट आहे, त्यातून जुनं ऑइल सोडायचं. अंगाला जरा वर दुसरा आहे, त्यातून नवं भरायचं. झालं. एवढ्यावरून आपण दोघं दरवर्षी एक रविवार घालवत होतो.

श्रीपूरच्या अलीकडं तुमची वस्ती, सगळी काळी जमीन. पाऊस पडला की त्या वाटेवर माणसाची चप्पल राहते मागं आणि माणूस जातो पुढं. विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा तुमचा धंदा, म्हणजे बांधाबांधावर फिरणं आलंच. पावसाळाभर जीप ओढ्यातून आणि चिखलातून जायची, धाकटीत पाणी शिरायचं, आणि ऑइल दुधाच्या चहासारखं पांढुरकं व्हायचं. खंडेनवमीला हत्यारांची आणि गाडीची पूजा व्हायच्या आत ते बदललंच पाहिजे, हा तुमचा नेम. घाणेरड्या पोटानं देवासमोर उभं करायचं नाही म्हणे. त्या आधीच्या रविवारी मी मोहोळहून यायचो. आक्काच्या हातची भाकरी आणि शेंगाची चटणी हे एक कारण, आणि तुमची चूक तुम्हाला दाखवणं हे दुसरं.

तुमचं म्हणणं असं, की गाडी फिरवून आणली की ऑइल गरम असतं. गरम आहे तोवर खालचा नट काढला की सगळी घाण एका दमात खाली येते. वरच्या नटाशी झटत बसलं तर ऑइल गार पडतं आणि गाळ तळाला धरून बसतो. माझं म्हणणं, वरचा नट निघतो का ते आधी बघा. खालून सगळं सोडून बसलात आणि वरचा निघालाच नाही, तर भरणार कुठून?

"आजपातुर असं झालंय का?" तुम्ही गाडीखालून विचारायचात.

"झालं न्हाय म्हणून व्हायचंच न्हाय का?"

"तू लाईटच्या मोटारीवाला. तुज्या मोटारीत ऑइल कुटं असतंय? तुला काय कळतंय ह्यातलं?"

मग मी तुमच्या डिझेलला नावं ठेवायची, तुम्ही माझ्या विजेला. आक्का चुलीपासून ओरडायची, "अवो, कुटला तर एक खोला की! भाकरी गार व्हायल्यात." आणि तेवढ्यात तुम्ही हळूच खालचा नट खोललेला असायचा. घमेल्यात ऑइल पडल्याचा आवाज आला की मला कळायचं, यंदाही हरलो. वरचा नट नंतर निघायचाच. दरवर्षी निघायचा, आणि गाडीखालून बाहेर येताना तुमचं ते हसू! मला त्या हसण्याचा फार राग यायचा. आत्ता लिहितानाही येतोय.

विजेवरून आठवलं. मोहोळला मी जळलेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं, तेव्हा पहिले काही महिने माशा मारत बसलो होतो. गावोगाव खांब येत होते, लोक डिझेल इंजिनं काढून मोटारी बसवत होते, पण माझ्याकडं कशाला कोण येईल? मग एकेक जण यायला लागला. नातेपुत्याकडचा, अकलूजकडचा, इतक्या लांबून. मला वाटायचं, आपलं काम चांगलं म्हणून नाव पसरलंय. तेराव्याला पंगतीत तीन-चार जण म्हणाले, "आमाला तर दाजीनीच धाडलं हुतं. इंजान विकतूस तर वीक, पर मोटार आमच्या दत्तूकडनंच भरून घे म्हणाले." म्हणजे तुमच्या हातचं गिऱ्हाईक जात होतं, तुम्ही जाता जाता त्याला माझा पत्ता देत होता, आणि घरी मला ऐकवत होता की वीज म्हणजे सरकारची मर्जी, आज हाय उद्या न्हाय. एकदा तरी सांगायचं होतं दाजी. मी आभार मानले असते, किंवा बहुतेक मानलेही नसते, पण वरच्या नटावरून जरा कमी आवाजात बोललो असतो.

आता त्या नटाकडं येतो. गेल्या वर्षी तो थेंब थेंब गळत होता म्हणून तुम्ही त्याच्या आट्यांना शेलॅक फासलंत. शेलॅक म्हणजे लाखेचं रोगण, माझ्याच दुकानातलं, मी मोटारीच्या तारांसाठी आणतो ते. वरून पान्याला पाईप लावून अंगाच्या जोरानं आवळलात. मी म्हणालो, हे वाळून दगड होईल. तुम्ही म्हणालात, "गळायचं तर थांबंल." गळायचं थांबलं, यात वादच नाही.

यंदाच्या त्या रविवारीही तुम्ही जीप ओढ्यापर्यंत फिरवून आणलीत. परतीच्या पावसानं वाट नुसती राड झाली होती, तरी पुढची चाकं लावून सहज आलात. निंबाखाली गाडी उभी केली आणि पोतं टाकून खाली शिरलात. मी म्हणालो, "यंदा तरी आदी वरचा बघा, शेलॅक लावलंय." घमेल्यात धार पडली.

धाकटी रिकामी झाली आणि तुम्ही वरच्या नटाला पाना लावलात. तो हलला नाही. पुन्हा लावलात, पाना घसरला आणि नटाच्या कडा गोल झाल्या. मी म्हणालो, ब्लो-लँपनं शेकू, शेलॅक उष्णतेनं मऊ पडतं. तुम्ही म्हणालात, "वर टाकी हाय पेट्रोलची. जाळ लावून सगळ्यांनाच वर धाडतोस व्हय?" ते खरं होतं. टाकी बसायच्या जागेखालीच, धाकटीच्या डोक्यावर. आधी टाकी उतरवायला हवी होती. पण तुम्हाला धीर कुठं? पाईप-पाना घेतलात, त्याला पुढं लांब पाईप लावलात आणि दोन्ही पाय चाकाला टेकवून ओढायला लागलात. मी समोर उभा होतो. मला तेव्हा, खरं सांगतो, मनातून बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी एकदाचा माझा मुद्दा तुमच्यासमोर गच्च बसला होता. आता कबूल करा, एवढंच मी म्हणणार होतो.

तुम्ही पाईप सोडलात आणि चाकाला टेकून बसलात. "गॅस धरलाय," म्हणालात. आक्कानं ओवा-मीठ दिलं. बाजेवर आडवं केलं, तर अंगावरचा सदरा घामानं भिजलेला. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी गाडीखाली जाऊन खालचा नट लावला, हात पुसले आणि तुमच्याकडं चावी मागितली.

"कुटं निगालास?"

"अकलूजला. डाक्टरकडं."

"धाकटी कोरडी हाय."

"असू दे की. गिअरच्या दातांना तेलाचा हात असतोय. तेवढ्यावर अकलूज गाठती."

"चिखलातनं जायाचंय. पुढची चाकं लावाय लागतील. कोरड्या दातांवर जोर आला की भुगा व्हईल तिचा."

"हू दे भुगा!"

आणि तुम्ही हसलात, दाजी. चावी मुठीत धरून, छातीवर ठेवून हसलात. "साद्या गॅसपायी माजी गाडी खातूस व्हय रं?"

मी तुमच्या मुठीतून चावी ओढून घ्यायला हवी होती, असं आता जो तो म्हणतो. ज्यांनी तुमची मूठ कधी धरली नाही, ते म्हणतात. आक्का मधे पडली आणि म्हणाली, "वाद घालत बसू नगा. भानुदासला बोलवा, बैलगाडी जुपाय सांगा." भानुदास म्हणजे तुमचा बांधाशेजारी. बिचारा हातातलं टाकून आला, कडबा अंथरला, आम्ही तुम्हाला गाडीत घेतलं.

वाटेत ओढ्याच्या अलीकडं गाडी आसापर्यंत रुतली. बैल गुडघ्यावर आले. मी आणि भानुदास चाकाला खांदा देत होतो, आक्का बैलांपुढं उभी राहून त्यांना नावानं हाका मारत होती, आणि तुम्ही आडवे पडून वर आभाळाकडं बघत मला विचारत होता, "दत्तू, खालचा नट लावलास का?"

"लावला."

"वायसर नवा घातलास?"

"दाजी, गप पडा की आता!"

तुम्ही गप पडलात. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंत.

गाडी निघाली, डांबरीवर उसाचा रिकामा ट्रक मिळाला, अकलूज आलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले आणि म्हणाले, "जरा आधी आणायला पाहिजे होतं." त्यांनी सहज म्हटलं असेल. रोजच म्हणत असतील. पण तेव्हापासून मला दुसरं काही ऐकू येत नाही. जीप कोरडी का होईना, अकलूजला पोचली असती का नसती? पोचली असती तर तुमच्या हट्टानं तुम्हाला नेलं. नसती पोचली, ओढ्यातच बसली असती, तर तुमचं खरं होतं आणि मी उगाच जळतोय. मोहोळच्या दोन मिस्त्रींना विचारलं. एक म्हणाला, आरामात गेली असती, तेलाचा हात पुष्कळ पुरतो. दुसरा म्हणाला, चिखलात, चारी चाकं लावून? शक्यच नाही. दोघंही खात्रीनं बोलले. असल्या खात्रीचं मी काय करू?

जीप निंबाखाली तशीच उभी होती. मी दुसऱ्या दिवशीच तिच्याकडं वळलो, तर तुमची चुलती दारातच आडवी. सुतकात घरात कढई चढत नाही, डोक्याला तेल लागत नाही, आणि तू गाडीला पाजतूस व्हय? मी म्हणालो, आजी, हे यंत्राचं ऑइल आहे. म्हणाली, त्याच्या हातची गाडी हाय, तिला बी सुतक. खंडेनवमी आली आणि गेली, जीपला ना हळदीकुंकू ना झेंडूचा हार. पोरीबाळींनी केस न माखता दिवस काढले आणि धाकटीनं कोरड्या दातांनी. तुम्ही असता तर चुलतीचं म्हणणं तुम्हाला पटलं असतं, ते एक आणखी डोक्यात जातं.

परवा पावणे गेल्यावर मी टाकी उतरवून लांब पडवीत नेऊन ठेवली. सगळीकडं पुसून घेतलं, वास जाऊ दिला. मग ब्लो-लँप पेटवला आणि वरचा नट शेकला. शेलॅकचा वास सुटला, माझ्या दुकानात रोज असतो तो. पाना लावला आणि नट निघाला. हातानं फिरवावा तसा निघाला हो! ज्या नटानं एवढा उत्पात केला तो माझ्या तळहातावर पडला होता, गोल कडांचा, काळा. मी तो भिरकावून देणार होतो. पण दुसरा कुठून आणू, म्हणून खिशात ठेवला.

टाकी परत बसवली. नव्वद नंबरच्या ऑइलचा डबा तुम्हीच आणून ठेवलेला, न फोडलेला. मी तो फोडला नाही. आक्का अंगणात आली तेव्हा मी नट परत जागेवर लावत होतो.

"भरलं का?" तिनं विचारलं.

"न्हाय. आदी एक चक्कर मारून येतो. अकलूजपातुर."

"कोरडीच?"

"हं."

"कशाला?"

तिला कळलं होतंच. ती धाकटी बहीण असती तर मी खोटं बोललो असतो. थोरलीपुढं जमत नाही.

तिनं पदर खोचला आणि माझ्यासमोर उभी राहिली. "पोचली, तर मग काय करशील? जलमभर माज्या तोंडाकडं बघायचा न्हाईस. आन न्हाय पोचली, तर सोमवारी कारखान्यावर मी काय धाडू? तुजा वाद?"

कारखान्यानं या हंगामाला तिची जीप भाड्यानं लावून घेतलीय, दाजी. उसाच्या नोंदी बघायला माणसं फिरतात, त्यांच्यासाठी. तिनं स्वतः जाऊन बोलणी केली, ड्रायव्हर ठरवला, आणि मला नंतर सांगितलं. तुमची बायको आहे, तुमच्यासारखीच वागणार. त्या गाडीवरच तिचं पुढचं सगळं आहे.

"मला कळाय पायजे, आक्का," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "मला झोप न्हाय. ह्यो माणूस हसला गं माज्या तोंडावर. चावी धरून हसला."

"मला बी हसलेला दिसतोय," ती म्हणाली. "रोज दिसतोय. मी कुणाला इचारू? वत ते."

मी हललो नाही. तिनंच डबा उचलला, झाकण चुलीच्या फुंकणीनं फोडलं आणि माझ्यापुढं धरला. ती रडत नव्हती. मीच रडत होतो, आणि तेही चिडून, लहान पोरासारखा. तुमच्यावर, डॉक्टरांवर, त्या दोन मिस्त्रींवर, शेलॅकवर. गाडीखाली शिरलो, वरचा नट पुन्हा काढला, नळी लावली. आक्का वरून ओतत होती, सावकाश, घागरीत पाणी ओतावं तसं. ऑइल आत जाताना काही आवाज करत नाही. एवढंच कळतं की नळी जड होते. भोकाच्या तोंडापर्यंत आलं आणि माझ्या मनगटावर ओघळलं, तेव्हा मी "बास" म्हणालो.

झालं, दाजी. कोरडी धाकटी संपली. पोचली असती का नसती, हे आता या जगात कुणालाच कळणार नाही. तुम्हीही हरला नाहीत आणि मीही जिंकलो नाही, आणि ही गोष्ट मला अजिबात मान्य नाही. असला निकाल आपण कधी मानला नव्हता. मी तुमचा आभारी आहे, माझं दुकान तुम्ही उभं केलंत, माझ्या बहिणीला तुम्ही सुखात ठेवलंत, चिखलात गाडी कशी काढायची ते मला तुम्हीच शिकवलंत. हे सगळं खरं आहे. तरी चिडलेला तो चिडलेलाच आहे. तुम्ही मूठ उघडायला पाहिजे होती.

मी बाहेर येऊन हात पुसत होतो. आक्का रिकामा डबा पालथा घालून निथळत ठेवत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "फुडच्या साली कुटला नट आदी खोलायचा? ड्रायव्हरला सांगाय लागंल."

"वरचा," मी म्हणालो. "आदी वरचा. तो निगाला तरच खालचा."

आणि मी थांबलो. सवयीनं थांबलो, गाडीखालून तुमचं काहीतरी येईल म्हणून.

"बरं," आक्का म्हणाली आणि आत गेली. इतकी वर्षं या एका 'बरं'साठी मी भांडलो. मला ते तिच्याकडून नको होतं.